पेप्सिन मांस पचवते, मग जठर का पचवत नाही?

कवडसा (धागाकर्ते)

नमस्कार. मी माध्यमिक वर्गांना विज्ञान शिकवतो. गेल्या आठवड्यात पचनसंस्थेचा पाठ शिकवताना मी फळ्यावर नेहमीचा तक्ता काढला होता. लाळेतील अमायलेज पिष्टावर काम करते, जठरातील पेप्सिन प्रथिनांवर, स्वादुपिंडरसातील ट्रिप्सिन प्रथिनांवर आणि लायपेज मेदावर. मुले तो उतरवून घेत असताना मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "सर, मांस प्रथिनांचे असते आणि आपले जठरही मांसाचेच आहे. मग पेप्सिन मांस पचवते आणि जठर का पचवत नाही?"

जठराला आतून श्लेष्म्याचे अस्तर असते आणि ते त्याचे रक्षण करते, असे मी सांगितले. त्यावर तिचा पुढचा प्रश्न तयारच होता. ज्या पेशीच्या पोटात पेप्सिन तयार होते, तिथे आतून कोणते अस्तर असते? आणि स्वादुपिंड तर पिष्ट, प्रथिने आणि मेद या तिन्हींना तोडणारी विकरे (एन्झाइम) एकाच वेळी बनवते, ते स्वतः कसे शाबूत राहते?

मी तिला "उद्या सांगतो" म्हणालो आणि घरी आल्यावर माझ्या लक्षात आले की वीस वर्षे हा तक्ता शिकवूनही हा प्रश्न मला स्वतःला कधी पडला नव्हता. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. ज्यांना या विषयाचा स्वतःचा किंवा घरातील अनुभव आहे त्यांनीही लिहावे. पाचक विकरांच्या गोळ्यांची पुष्कळ जाहिरात होते, त्यांचा खरोखर उपयोग होतो का, हाही माझा जोडप्रश्न आहे.

रानवारा

फार सुंदर प्रश्न आहे. त्या मुलीचे माझ्याकडून अभिनंदन करावे. उत्तराच्या प्रतीक्षेत.

सूक्ष्मदर्शक

मी जीवरसायनशास्त्र शिकवते. तुमच्या विद्यार्थिनीने नेमक्या जागी बोट ठेवले आहे, कारण पाचक विकरांबद्दल खरे शिकण्यासारखे आहे ते हेच. ती काय तोडतात हे तक्त्यात येते. ती कुठे आणि कधी तोडू लागतात, हे तक्त्यात येत नाही.

आधी पेशीच्या आतले पाहू. जठराच्या भिंतीतील पेशी पेप्सिन बनवतच नाहीत. त्या पेप्सिनोजेन बनवतात. ही प्रथिनाची साखळी पेप्सिनपेक्षा लांब असते आणि तिच्या एका टोकाचा चाळीसहून अधिक अमिनो आम्लांचा तुकडा विकराच्या काम करणाऱ्या खोबणीवर झाकणासारखा बसलेला असतो. झाकण असेपर्यंत ते कशालाही तोडू शकत नाही. भोवतालचे माध्यम तीव्र आम्लधर्मी झाले की रेणूचा आकार बदलतो, ते झाकण कापले जाते आणि पेप्सिन मोकळे होते. एकदा थोडे पेप्सिन मोकळे झाले की ते उरलेल्या पेप्सिनोजेनचीही झाकणे कापते.

हे आम्ल पेप्सिनोजेन बनवणाऱ्या पेशी बनवत नाहीत. त्याच्या पेशी वेगळ्या आहेत. त्या हायड्रोक्लोरिक आम्ल थेट ग्रंथीच्या पोकळीत सोडतात. म्हणजे दारूगोळा एका कोठारात आणि ठिणगी दुसऱ्या कोठारात, आणि दोघांची भेट होते ती पेशींच्या बाहेर, अन्न असते त्या पोकळीच्या वाटेवर.

आता श्लेष्म्याबद्दल. तुम्ही दिलेले उत्तर बरोबरच आहे, फक्त अपुरे आहे. हा थर केवळ आडपडदा नसतो. जठराच्या पृष्ठभागावरील पेशी त्या थरात आम्ल बोथट करणारे बायकार्बोनेट सतत सोडत असतात. त्यामुळे पोकळीत सामू (pH; तो जितका कमी तितके आम्ल तीव्र, आणि ७ म्हणजे उदासीन) २ च्या आसपास असताना पेशींना लागून असलेल्या पातळ पट्ट्यात तो ७ च्या जवळ राहतो. पेप्सिनला दीड ते दोन सामू सर्वांत मानवतो. उदासीन माध्यमात त्याची घडी मोडते आणि ते निकामी होते. श्लेष्म्यातील म्युसिन हेही प्रथिनच आहे, पण त्याच्यावर शर्करांच्या साखळ्यांचे दाट रान असल्यामुळे पेप्सिनला त्याच्या मूळ साखळीपर्यंत सहज पोचता येत नाही. इतके करूनही काही पेशी मरतातच, म्हणून जठराचे पृष्ठभागावरील अस्तर काही दिवसांत नवे होत राहते.

स्वादुपिंडाचे उत्तर वेगळे आणि माझ्या मते अधिक रोमांचक आहे. ते रात्री लिहिते.

आडवाट

सूक्ष्मदर्शक यांच्या प्रतिसादाशी सहमत आहे, पण एक भर घालावीशी वाटते. आपण "रक्षण होते" असे म्हणून थांबलो तर अल्सरचे काय, हा प्रश्न उरतो. आमच्या घरात अनेक वर्षे असा समज होता की चिडचिड आणि तिखट यांमुळे आम्ल वाढते आणि आम्लामुळे अल्सर होतो. माझ्या वडिलांनी त्यापायी अर्धे आयुष्य मिळमिळीत जेवून काढले. प्रत्यक्षात त्यांच्या जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू होता. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८० च्या दशकात या जिवाणूचा आणि अल्सरचा संबंध दाखवला आणि त्यासाठी त्यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. वडिलांना प्रतिजैविकांचा एक पूर्ण क्रम दिल्यावर ती व्याधी संपली.

म्हणजे आम्ल जास्त झाले असे बहुतेकदा नसते, तर अस्तर कमकुवत झालेले असते. वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांना अल्सर होतो त्याचे कारणही हेच आहे, कारण त्यांतील बऱ्याच गोळ्या श्लेष्मा आणि बायकार्बोनेट टिकवून धरणारी प्रोस्टाग्लँडिन्स बनू देत नाहीत.

सूक्ष्मदर्शक

@आडवाट, पूर्ण सहमत. तुमच्या उदाहरणात एक विकरही दडलेले आहे. हा जिवाणू इतक्या आम्लात जिवंत राहतो तो युरिएज या विकराच्या बळावर. ते युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करते आणि जिवाणूभोवतीचे आम्ल त्याने बोथट होते. योगायोग असा की जगात सर्वप्रथम स्फटिकरूपात वेगळे काढले गेलेले विकर युरिएजच होते. जेम्स सम्नर यांनी १९२६ साली ते एका शेंगवर्गीय वनस्पतीच्या बियांतून काढले. विकरे ही प्रथिने असतात हे तेव्हा अनेक रसायनतज्ज्ञांना मान्य नव्हते. १९३० साली जॉन नॉर्थ्रॉप यांनी पेप्सिनचेही स्फटिक मिळवले आणि तेही प्रथिनच असल्याचे दाखवले, तेव्हा तो वाद मिटत गेला. सम्नर, नॉर्थ्रॉप आणि वेंडेल स्टॅन्ली यांना १९४६ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

पिंपळपान

कवडसा सर, तुमच्या विद्यार्थिनीला एक गोष्ट अवश्य सांगा. तिचा प्रश्न अडीचशे वर्षांपूर्वी एका मोठ्या शल्यविशारदाने विचारला होता आणि त्याचे उत्तर चुकले होते.

त्याची पार्श्वभूमी अशी. अठराव्या शतकात पचन म्हणजे जठरात अन्न दळले जाते असा एक पक्ष होता, आणि ते कुजते असा दुसरा पक्ष होता. १७५२ साली रेओम्युर या फ्रेंच शास्त्रज्ञाने एका माणसाळलेल्या घारीला मांसाचा तुकडा भरलेली धातूची नळी गिळायला दिली. नळीची टोके जाळीने बंद केली होती. घारीने नळी उलटून बाहेर टाकली तेव्हा धातूवर ओरखडाही नव्हता, पण आतले मांस विरघळत आले होते. म्हणजे दळणे नव्हे, कुठला तरी रस हे काम करत होता. पुढे स्पालानझानी या इटालियन संशोधकाने अन्न भरलेल्या कापडी पिशव्या स्वतः गिळून हेच माणसात दाखवले.

आता मूळ मुद्दा. १७७२ साली लंडनमधील शल्यविशारद जॉन हंटर यांनी मृत्यूनंतर जठर स्वतःच पचल्याची निरीक्षणे प्रसिद्ध केली. अचानक मरण पावलेल्या काही निरोगी माणसांच्या शवविच्छेदनात त्यांना जठराची भिंत विरघळून आरपार भोक पडलेले आढळले होते. मग जिवंतपणी असे का होत नाही? हंटर यांचे उत्तर असे की जिवंत ऊतींमध्ये एक जीवनतत्त्व असते आणि जठररस त्याच्यावर चालत नाही. एकोणिसाव्या शतकात क्लोद बेर्नार यांनी हे तपासले. त्यांनी जठरात शस्त्रक्रियेने वाट केलेल्या एका कुत्र्याच्या पोटात जिवंत बेडकाचे पाय सोडले, आणि बेडूक जिवंत असतानाच ते पाय पचले. प्रयोग आज वाचताना अंगावर काटा येतो आणि तो आज कोणी करू नये. पण जिवंतपणा हे कवच नाही, एवढे त्यातून निर्विवाद ठरले.

रानवारा

पिंपळपान, अप्रतिम माहिती. मृत्यूनंतर श्लेष्मा आणि बायकार्बोनेट बनवणे थांबते, पण पोकळीत आधीपासून असलेले आम्ल आणि पेप्सिन काम करत राहते, असा याचा अर्थ लावला तर बरोबर होईल का?

सूक्ष्मदर्शक

@रानवारा, बरोबर. रक्तपुरवठा थांबला की कोणतीच दुरुस्ती होत नाही. जिवंतपणीसुद्धा गंभीर आजारात जठराच्या अस्तराचा रक्तपुरवठा कमी झाला तर तिथे व्रण पडतात.

आता स्वादुपिंड. इथे तोडणारी बलवान विकरे निष्क्रिय रूपात बनतात: ट्रिप्सिनोजेन, कायमोट्रिप्सिनोजेन, प्रोइलॅस्टेज, प्रोकार्बोक्सिपेप्टिडेज. अमायलेज आणि लायपेज मात्र सुरुवातीपासूनच तयार स्वरूपात असतात, कारण पिष्ट हे पेशीच्या भिंतीचे बांधकाम-साहित्य नव्हे, आणि लायपेजला प्रत्यक्ष काम करण्यासाठी मेदाचे थेंब, पित्तक्षार आणि कोलायपेज नावाचा साथीदार यांची गरज असते.

ट्रिप्सिनोजेनचे झाकण लहान असते, माणसात अवघ्या आठ अमिनो आम्लांचे. ते कापणारे विकर स्वादुपिंडात बनत नाही. ते एंटेरोपेप्टिडेज लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या भिंतीत बसलेले असते. म्हणजे पाकीट एका घरात बनते आणि ते उघडणारी कात्री दुसऱ्या घराच्या भिंतीला ठोकलेली असते. तिथे पोचल्यावर ट्रिप्सिन मोकळे होते आणि मग तेच बाकी सगळ्यांची झाकणे उघडते. ज्या अत्यंत विरळा बालकांमध्ये एंटेरोपेप्टिडेज जन्मतः नसते, त्यांच्या स्वादुपिंडात ट्रिप्सिनोजेन भरपूर असूनही त्यांना प्रथिने पचत नाहीत आणि त्यांचे वजन वाढत नाही. एका कात्रीवर किती अवलंबून आहे ते यावरून कळते.

तरीही चुकून एखादा रेणू स्वादुपिंडातच उघडला तर? त्यासाठी त्याच पेशी ट्रिप्सिनला घट्ट पकडून बसणारे एक अवरोधक प्रथिनही बनवतात आणि विकरांसोबत त्याच पुड्यांत बांधतात. याखेरीज ट्रिप्सिनच्या रेणूत एक अशी जागा आहे जिथे दुसरे ट्रिप्सिन त्याला कापून निकामी करू शकते.

तिसरा प्रहर

वरचा प्रतिसाद मी तीनदा वाचला, कारण ही सगळी व्यवस्था मोडते तेव्हा काय होते ते मी जवळून पाहिले आहे.

माझ्या थोरल्या भावाला पित्ताशयात खडे होते. त्रास नव्हता म्हणून त्याने ते तसेच ठेवले होते. एका रात्री पोटाच्या वरच्या भागात असह्य वेदना सुरू झाली आणि ती पाठीत घुसत गेली. तो पुढे वाकून बसला की किंचित बरे वाटायचे, झोपले की वाढायची. रुग्णालयात रक्ततपासणीत लायपेज कमाल मर्यादेच्या तिपटीहून कितीतरी अधिक आले. एक खडा घसरून पित्तनलिका आणि स्वादुपिंडनलिका जिथे एकत्र येऊन आतड्यात उघडतात त्या तोंडाशी अडकला होता.

डॉक्टरांनी आम्हाला समजावले ते शब्द मला अजून आठवतात. ते म्हणाले, "पाचकरस आतड्यात जाण्याऐवजी जागेवरच जागा झाला आहे." शिरेतून भरपूर द्रव, वेदनाशामक औषधे आणि सतत देखरेख, असे अकरा दिवस गेले. सुदैवाने तो बरा झाला आणि नंतर पित्ताशय काढून टाकले. आज हा धागा वाचताना प्रथमच कळले की त्या रात्री नेमके कोणते झाकण अवेळी उघडले होते. कवडसा सरांचे आणि त्या मुलीचे मनापासून आभार.

मृगजळ

भावाची प्रकृती ठीक आहे हे वाचून बरे वाटले.

मी सरांच्या जोडप्रश्नाकडे वळतो. मी गेली चार वर्षे जेवणानंतर पाचक विकरांची गोळी घेतो आणि मला त्याने हलके वाटते. येथील जाणकार यावर टीका करतील असे दिसते, म्हणून आधीच सांगतो की अनुभव हाही पुरावा असतो.

आडवाट

मृगजळ, तुमचे हलके वाटणे खोटे आहे असे कोणीच म्हणणार नाही. ते गोळीमुळेच वाटते का, एवढाच प्रश्न आहे. गोळी घेऊ लागल्यापासून तुम्ही सावकाश किंवा कमी जेवू लागला असाल, तरीही तसेच वाटेल.

सूक्ष्मदर्शक

@मृगजळ, माझे म्हणणे टीका म्हणून घेऊ नका. दोन गोष्टी विचारात घ्या. पहिली, विकर हे प्रथिन आहे. तोंडावाटे घेतलेले साधे विकर जठरातील आम्लात आपली घडी गमावते आणि पेप्सिन त्याला इतर कोणत्याही प्रथिनासारखेच कापते. म्हणून खऱ्या औषधी गोळ्यांतील कणांवर आम्लात न विरघळणारे आवरण असते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. निरोगी स्वादुपिंड गरजेपेक्षा कितीतरी अधिक विकरे बनवते. लायपेजचे उत्पादन नेहमीच्या सुमारे दहा टक्क्यांच्या खाली गेल्यावरच विष्ठेत न पचलेला मेद ठळकपणे दिसू लागतो. ज्याच्या कोठारात नव्वद टक्के शिल्लक आहे त्याला आणखी मूठभर दिल्याने काय फरक पडणार?

मात्र चार वर्षे टिकलेल्या जडपणाचे कारण शोधायला हवे. ते गोळीखाली झाकून ठेवू नका. एकदा वैद्यकीय तपासणी करून घ्या, ही माझी कळकळीची विनंती आहे.

अबोली

या गोळ्यांची खरी गरज ज्यांना असते त्यांच्यापैकी एका मुलाची मी आई आहे, म्हणून लिहिते.

माझ्या मुलाला सिस्टिक फायब्रोसिस आहे. या आजारात शरीरातील स्राव घट्ट होतात. स्वादुपिंडाच्या बारीक नलिका त्याने जन्माआधीपासूनच तुंबू लागतात आणि विकरे आतड्यापर्यंत पोचत नाहीत. तो पाच महिन्यांचा होता तेव्हा सतत भुकेला असायचा, भरपूर प्यायचा, तरीही त्याच्या बरगड्या मोजता यायच्या. शी तेलकट, फिकट आणि अतिशय दुर्गंधीची असे. विष्ठेतील इलॅस्टेजची तपासणी झाली तेव्हा निदानाला बळ मिळाले. हे विकर आतड्यात तुटत नाही, म्हणून ते विष्ठेत किती येते यावरून स्वादुपिंड किती काम करते ते कळते.

स्वादुपिंडाच्या विकरांची कॅप्सूल सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच त्याच्या गालांना गोलाई आली. तो क्षण मी कधीच विसरणार नाही. तेव्हापासून प्रत्येक जेवणासोबत, आणि मेद असलेल्या प्रत्येक खाऊसोबत, कॅप्सूल असते. जेवणानंतर तासाने घेतली तर तिचा उपयोग कमी होतो, कारण विकर आणि अन्न एकत्रच पुढे सरकायला हवेत. तो लहान असताना आम्ही कॅप्सूल उघडून आतले दाणे फळांच्या आंबटसर मऊ गरात मिसळून देत असू. दाणे चावू किंवा कुस्करू द्यायचे नाहीत, कारण आवरण फुटले तर विकर तोंडाची त्वचा सोलते आणि जठरात वायाही जाते. ही शेवटची सूचना मला तेव्हा विचित्र वाटली होती. सरांच्या विद्यार्थिनीचा प्रश्न वाचल्यावर तिचा अर्थ पुरता उमगला.

मृगजळ

अबोलीताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी माझे वाक्य मागे घेतो. माझ्या "हलके वाटण्या"ची आणि तुमच्या मुलाच्या गरजेची एकाच दमात चर्चा व्हायला नको होती. पुढच्या आठवड्यात तपासणीची वेळ घेतली आहे.

एकतारी

मला दुधातील लॅक्टोज ही साखर पचत नाही. दूध प्यायल्यावर दोन तासांत पोट फुगते आणि गुडगुडते. माझ्या बाबतीत लॅक्टोज तोडणाऱ्या लॅक्टेज या विकराची गोळी नक्की उपयोगी पडते, म्हणून "गोळ्यांचा उपयोग नाही" हे सरसकट विधान मला मान्य नाही.

सूक्ष्मदर्शक

@एकतारी, तुमचा आक्षेप योग्य आहे आणि मी तो आधीच नोंदवायला हवा होता. तिथे विशिष्ट विकराची खरी उणीव असते आणि नेमके तेच विकर अन्नासोबत दिले जाते.

याला आजार म्हणण्यापेक्षा सस्तन प्राण्यांची मूळ रीत म्हणणे अधिक योग्य ठरेल. आईचे दूध सुटले की लॅक्टेज बनवणे कमी होत जाते, आणि जगातील सुमारे दोन तृतीयांश प्रौढांमध्ये तसेच होते. ज्यांच्या पूर्वजांनी हजारो वर्षे जनावरांचे दूध प्यायले अशा काही समूहांमध्ये लॅक्टेजच्या जनुकाजवळ असे बदल टिकून राहिले की ते आयुष्यभर चालू राहते. ज्यांच्यात ते मंदावते, त्यांच्या मोठ्या आतड्यात लॅक्टोज न तुटताच पोचते. ते स्वतःकडे पाणी ओढते, आणि तेथील जिवाणू त्याला आंबवून वायू तयार करतात. त्यातील हायड्रोजन रक्तातून फुप्फुसांत येतो आणि श्वासात मोजता येतो. निदानाची एक चाचणी त्यावरच आधारलेली आहे.

कवडसा (धागाकर्ते)

सर्वांचे मनापासून आभार. लॅक्टेजचा उल्लेख आला म्हणून विचारतो. आमच्या पाठ्यपुस्तकात माल्टेज, सुक्रेज आणि लॅक्टेज "आंत्ररसात" असतात असे आहे. ती रसात असतात की भिंतीत?

सूक्ष्मदर्शक

मुख्यतः भिंतीत. लहान आतड्याच्या आतील पृष्ठभागावरील पेशींच्या टोकांवर ब्रशाच्या केसांसारखे अतिसूक्ष्म उंचवटे असतात आणि ही विकरे त्यांच्या आवरणात रुतलेली असतात. रसात जी थोडी सापडतात ती बहुतांशी झडलेल्या पेशींतून आलेली असतात.

या रचनेचा लाभ विचार करण्यासारखा आहे. पोकळीतील अमायलेज पिष्टाच्या लांब साखळीचे दोन-तीन ग्लुकोजचे तुकडे करते, पण शेवटचा घाव भिंतीवरच बसतो. जिथे ग्लुकोजचा रेणू सुटा होतो तिथेच, त्याला पेशीच्या आत ओढून घेणारे वाहक प्रथिनही बसलेले असते. सुटा झालेला घास पोकळीत भटकत राहिला असता तर आतड्यातील जिवाणूंनी तो आधी पळवला असता. प्रथिनांचेही असेच आहे. त्यांचे लहान तुकडे (पेप्टाइड) काही प्रमाणात भिंतीवर तुटतात, आणि दोन किंवा तीन अमिनो आम्लांचे तुकडे तर अखंडच पेशीत शिरून आत तुटतात. माझ्या मते संपूर्ण पचनात याहून देखणी जागा नाही, आणि शालेय तक्त्यात नेमकी तीच हरवते.

रानवारा

जेवताना पाणी प्यायल्याने पाचकरस पातळ होतात आणि पचन बिघडते, असे आमच्याकडे वडीलधारी माणसे ठामपणे सांगतात. यात तथ्य आहे का?

आडवाट

यात तथ्य नाही असे माझे वाचन सांगते. लाळ दिवसाला एक ते दीड लिटर, जठररस सुमारे दोन लिटर, स्वादुपिंडरस सुमारे दीड लिटर, शिवाय पित्त, असे स्राव शरीर स्वतःच अन्नावर ओतत असते. त्यात एका पेल्याची काय कथा?

सूक्ष्मदर्शक

निष्कर्षाशी सहमत, कारणात थोडी भर घालते. आम्ल एकदाच ओतून संपत नाही. जठरातील आम्ल पातळ होऊन सामू वाढला की ते आणखी सोडले जाते, आणि सामू फार खाली गेला की गॅस्ट्रिन हे संप्रेरक कमी होऊन आम्ल आवरते. पुढे आम्लधर्मी लगदा लहान आतड्यात उतरला की तिथून सिक्रेटिन हे संप्रेरक रक्तात जाते आणि स्वादुपिंड बायकार्बोनेट सोडते. बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १९०२ साली हे शोधून काढले आणि संप्रेरकांचे शास्त्र तिथून सुरू झाले. मेद आणि प्रथिने आतड्यात पोचली की कोलेसिस्टोकायनिन हे आणखी एक संप्रेरक सुटते, त्याने स्वादुपिंड विकरे सोडते आणि पित्ताशय आकुंचन पावते. जे अन्न आले आहे त्याच्या मापाने रस येतो. पेलाभर पाण्याने ही यंत्रणा डगमगत नाही.

पिंपळपान

थोडे अवांतर, पण विषयाला धरून. जठरात प्रत्यक्ष डोकावण्याची संधी एका अपघातामुळे मिळाली होती. १८२२ साली अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटात जवळून बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण जठरात उघडणारे छिद्र कायमचे राहिले. लष्करी शल्यवैद्य विल्यम बोमाँट यांनी त्या छिद्रातून दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे आत सोडून पुढची अनेक वर्षे निरीक्षणे केली आणि १८३३ साली पुस्तक प्रसिद्ध केले. काढून घेतलेला जठररस बाटलीत, शरीराच्या तापमानाला ठेवला तरी मांस विरघळते, हे त्यांनी दाखवले. तीनच वर्षांनी, १८३६ साली, थिओडोर श्वान यांनी त्यातील कार्यकारी पदार्थाला पेप्सिन असे नाव दिले. बोमाँट यांचे नाव सर्वत्र घेतले जाते. सेंट मार्टिनने मात्र नोकर म्हणून राबत, घरापासून दूर राहून ही वर्षे काढली, आणि त्याची आठवण आपण तेवढ्याच आदराने ठेवली पाहिजे असे मला वाटते.

कवडसा (धागाकर्ते)

आज वर्गात हा विषय पुन्हा घेतला, त्याचा वृत्तान्त द्यायलाच हवा.

आधी एक छोटा प्रयोग केला. पातळ पिष्टाच्या द्रावणाच्या दोन परीक्षानळ्या घेतल्या, एकीत लाळ आणि दुसरीत उकळून थंड केलेली लाळ घातली. कोमट पाण्यात ठेवून दर दोन मिनिटांनी आयोडिनचा थेंब टाकून पाहिला. पहिल्या नळीतील नमुन्याचा निळा रंग हळूहळू उतरत गेला, दुसरीतील शेवटपर्यंत गडद निळा राहिला. उकळल्याने विकराची घडी मोडते हे मुलांना न सांगताच दिसले.

मग फळ्यावर तक्ता न काढता दोन पेशींची चित्रे काढली, एक झाकण लावलेले पेप्सिनोजेन बनवणारी आणि दुसरी आम्ल सोडणारी, आणि मुलांना विचारले की या दोघींची भेट कुठे व्हावी. बहुतेकांनी एकमुखाने सांगितले की पेशीच्या बाहेर. हंटर यांची गोष्ट सांगितली तेव्हा वर्ग स्तब्ध झाला होता. आपल्याच प्रश्नावर इतका मोठा माणूस चुकला होता, हे ऐकून त्या मुलीच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मला शब्दांत सांगता येणार नाही.

तास संपता संपता तिने आणखी एक प्रश्न विचारला. ट्रिप्सिनोजेनचे झाकण कापणारी कात्री आतड्याच्या भिंतीत आहे, तर ती कात्री त्या भिंतीलाच का कापत नाही?

सूक्ष्मदर्शक

तिला सांगा की ही कात्री फार निवडक आहे. ट्रिप्सिनोजेनच्या झाकणात अॅस्पार्टिक आम्लाचे चार रेणू ओळीने येतात आणि लगेच लायसिन हे आणखी एक अमिनो आम्ल येते. एंटेरोपेप्टिडेज हाच क्रम शोधते आणि त्याच्यापुढे कापते. असा क्रम प्रथिनांत क्वचितच आढळतो. तो इतका खात्रीचा आहे की प्रयोगशाळेत जोडलेली दोन प्रथिने नेमक्या जागी सुटी करण्यासाठी आम्ही याच विकराचा उपयोग करतो. शिवाय ते भिंतीत एका टोकाने पक्के रोवलेले असते आणि त्याचे कापणारे तोंड पोकळीकडे असते.

आणि सर, ती मुलगी अकरावीत गेल्यावर तिला हा धागा नक्की वाचायला द्या. तोपर्यंत तिचे पुढचे प्रश्न इथे लिहीत राहा, मी वाट पाहीन.

अबोली

माझा मुलगा आता तेरा वर्षांचा आहे. त्याने शेजारी बसून सगळा धागा वाचला, आणि आपल्या कॅप्सूलमधल्या दाण्यांवरचे आवरण आतड्यात गेल्यावरच का विरघळते असे विचारले. सामूचा तक्ता काढून त्यालाच उत्तर शोधायला सांगितले आहे.